काय वितळलं, काय उरलं? रायपूरच्या पायाखालचा ग्रॅनाइट



आजची गोष्ट सुरू होते रायपूरजवळच्या उरल्यातून. गावाचं नाव ऐकलं की मराठी माणूस हटकून विचारतो, "काय उरला?" हसून सोडून देऊ नका. या प्रश्नाचं उत्तर आपल्याला शेवटी लागणार आहे.

उरला ही रायपूरच्या उत्तरेकडची औद्योगिक वसाहत. इथे पोलादाच्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत. भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न टाकतात, तापमान दीड हजार अंशांच्या वर नेतात आणि सगळा माल वितळून एकजीव होतो. पृथ्वीच्या पोटाचंही असंच चित्र आपल्या डोक्यात असतं: खाली एक प्रचंड भट्टी, तिच्यात सगळे दगड वितळलेले आणि वर आपण. हे चित्र चुकीचं आहे. आपण उभे आहोत ते कवच आणि त्याखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. मग ग्रॅनाइट ज्या शिलारसापासून झाला, तो रस आला कुठून?

या प्रश्नावर माणसं पावणेदोनशे वर्षं भांडली. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात वेर्नर नावाचे नामांकित प्राध्यापक शिकवत होते. त्यांचं म्हणणं असं, की आदिसागरातून मिठासारखा खाली बसलेला पहिला खडक म्हणजे ग्रॅनाइट. स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांना हे पटत नव्हतं. १७८५ साली ते ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेले. तिथे नदीच्या पात्रात त्यांना जुन्या काळपट खडकात घुसलेल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. भेगांमध्ये शिरायचं तर ग्रॅनाइट तेव्हा पातळ असला पाहिजे. आणि ज्या खडकात तो शिरला, तो खडक त्याच्या आधीचा असला पाहिजे. साठीला टेकलेल्या हटनना इतका आनंद झाला, की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, यांना सोन्याची किंवा चांदीची शीर सापडली!

ग्रॅनाइट रसापासून झाला, हे ठरलं. पण रस कसा झाला? विसाव्या शतकात नॉर्मन बोवेन यांनी मांडलं, की बेसॉल्टचा रस थंड होताना जड खनिजं आधी गोठून खाली बसतात आणि शेवटी जो थोडा रस राहतो, तो ग्रॅनाइटचा. यावर आक्षेप साधा होता. अशा रीतीने ग्रॅनाइट होतो तो चिमूटभर, आणि खंडांमध्ये तर ग्रॅनाइटचे डोंगरच्या डोंगर आहेत. इंग्लंडचे एच. एच. रीड आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, बराचसा ग्रॅनाइट वितळलेलाच नाही, जुना खडक जागच्या जागी बदलत गेला आणि ग्रॅनाइट झाला.

१९५८ साली टटल आणि बोवेन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी ग्रॅनाइटचे घटक पाण्यासह भारी दाबाखाली तापवले. या घटकांचं जे मिश्रण सगळ्यात कमी तापमानाला वितळतं, त्याचं प्रमाण निसर्गातल्या ग्रॅनाइटशी जुळलं. म्हणजे जुना खडक तापला की पहिल्यांदा वितळून जे बाहेर येतं, ते ग्रॅनाइटचं असतं.

अवघड वाटतंय? लहानपणी प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला खाल्लाय ना? चोखायला लागलं की रंग आणि गोडवा आधी तोंडात येतो, आणि नळीत पांढरा फिका बर्फ उरतो. सगळा गोळा एकदम वितळत नाही. जमिनीखाली २५-३० किलोमीटरवर खडकाचं असंच होतं. सिलिका, सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेला भाग आधी पाझरतो. लोह आणि मॅग्नेशियम जास्त असलेला जड भाग घनरूपात मागे राहतो.

आणि पाण्याचं काय काम? घरी आइस्क्रीमचं पॉट फिरवताना आपण बर्फावर खडेमीठ टाकायचो. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली वितळतो. खडकाच्या बाबतीत तेच काम पाणी करतं. कोरडा ग्रॅनाइट वितळायला साडेनऊशे-हजार अंश लागतात. दाबाखाली पुरेसं पाणी मिळालं तर साडेसहाशे-सातशे अंशांत तो पाझरू लागतो. हे पाणी बरेचदा अभ्रकासारख्या खनिजांच्या आत बांधलेलं असतं आणि तापल्यावर सुटतं. उष्णतेचं एक साधन म्हणजे प्रावरणातून वर येऊन कवचाच्या तळाशी साचलेला बेसॉल्टचा रस, तो ११००-१२०० अंशांचा असतो.

म्हणजे उरल्याच्या पोलादभट्टीच्या निम्म्याहून कमी तापमानात ग्रॅनाइटचं काम भागतं. फक्त घाई चालत नाही. पाझरलेला रस हलका असतो, भेगांतून वर चढतो, पृष्ठभागाखाली काही किलोमीटरवर अडकतो आणि लाखो वर्षं सावकाश निवतो. म्हणूनच गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे कण डोळ्यांना दिसतील इतके मोठे होतात.

आता हा ग्रॅनाइट उरल्यात शोधू गेलात तर दिसणार नाही. रायपूरच्या आसपास वर चुनखडक आहे. छत्तीसगडच्या घराघरांत जी फर्शी असते, तीही याच थरांतली. शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेले हे थर. ते ज्या पायावर बसले, तो पाया ग्रॅनाइट आणि नाइसचा. समुद्र येण्याआधीच तो झिजून उघडा पडला होता.

पाया पाहायचा तर नागपूरच्या गाडीत बसा. सुमारे शंभर किलोमीटरवर डोंगरगढ लागतं. नवरात्रात गोंदिया, भंडारा, नागपूरकडचे हजारो लोक बम्लेश्वरीच्या दर्शनाला तिथे जातात. हजारावर पायऱ्या चढताना आजूबाजूला दिसतो तो ग्रॅनाइट जवळपास २५० कोटी वर्षांपूर्वीचा. भूविज्ञानात त्याला 'डोंगरगढ ग्रॅनाइट' असंच नाव आहे. तिथून पश्चिमेला, आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या बाजूला 'बिजली रायोलाइट' आहे. तोही साधारण त्याच युगातला आणि तसाच सिलिकाने भरलेला, पण तो रस ज्वालामुखीतून बाहेर पडला, चटकन निवला आणि कण बारीक राहिले. डोंगरगढचा ग्रॅनाइट या ज्वालामुखी खडकांमध्ये घुसलेला आहे. हटन यांनी ग्लेन टिल्टमध्ये वाचलेला न्याय इथेही लागू पडतो: जो घुसला, तो नंतरचा.

हे कोटींचे आकडे येतात कुठून? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. घडताना ते युरेनियम घेतात, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाहीत. युरेनियमचं हळूहळू शिसं होत राहतं. युरेनियम-२३८ अर्धं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. स्फटिकात शिसं किती साठलं ते मोजलं की जन्मवेळ कळते.

याच घड्याळाने दल्ली-राजहराचा धक्का दिला. या टेकड्या सगळ्यांना माहीत होत्या त्या लोहखनिजासाठी. प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भाग पाहिला होता. पुढे १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा यांनी नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग जिल्ह्यातलं लोह दाखवणारा नकाशा पाहिला आणि शोध सुरू झाला. टाटांचा कारखाना अखेर साकचीला झाला, पण राजहराचं खनिज वाया गेलं नाही. १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्या त्यावर चालत आल्या. शेजारच्या साध्या ग्रॅनाइटकडे लक्ष जायला २००९ साल उजाडलं. एच. एम. राजेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या झिरकॉनचं वय प्रसिद्ध केलं: सुमारे ३५८ कोटी वर्षं. भारतातल्या सर्वांत जुन्या ग्रॅनाइटांपैकी हा एक.

आता मघाचा नियम आठवा. ग्रॅनाइट व्हायला आधी वितळण्याजोगा खडक लागतो. म्हणजे ३५८ कोटी वर्षांपूर्वी इथे त्याहून जुनं कवच होतं. ते कवच आज दाखवता येत नाही, पण लेकराचा दाखला आईचीही साक्ष देतो.

सह्याद्रीकडच्या श्रोत्यांना वाटेल, हे सगळं छत्तीसगडचं, आमचा तर काळा पाषाण. तो पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, वरून पसरलेला. कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनविहीर खोदली, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागला. किल्लारीला तर तो सुमारे ३४० मीटरवरच लागला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही याच जुन्या पायातल्या भेगांमधून उठले. म्हणून हा विषय पुस्तकी नाही. पाया जुना आहे म्हणून तो निर्जीव, असं समजून घरं बांधली, तर किंमत माणसं मोजतात.

तर, काय उरला? जड भाग खाली उरला. हलका भाग वर आला, आणि त्याच्यामुळेच खंड समुद्राच्या वर तरंगतात. उरल्याची भट्टी, डोंगरगढच्या पायऱ्या आणि तुमचं-माझं घर, सगळ्यांचा भार त्या पाझरलेल्या भागावर आहे.

पुढच्या वेळी ग्रॅनाइटच्या ओट्यावर पोळी लाटाल, तेव्हा त्यातले कण नीट पाहा. ते इतके मोठे व्हायला लाखो वर्षं लागली आहेत.