स्टेशन आधी, गाव नंतर

बंगळुरूच्या रिक्षांवर आजही शंकर नाग यांचा चेहरा दिसतो. 1980 च्या ‘ऑटो राजा’त त्यांनी रिक्षावाल्याची भूमिका केली आणि शहरातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना आपलं मानलं, ते कायमचं. अनेक रिक्षा स्टँडना त्यांचंच नाव आहे. कर्नाटकाबाहेर मात्र हा माणूस लोकांच्या मनात घर करून बसला तो त्यांनी दिग्दर्शित केलेल्या, दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेमुळे.

या मालिकेच्या वेडाचं मूळ शोधत गेलं की पुन्हा बंगळुरूच लागतं. 1930 सालच्या विजयादशमीला मालगुडीच्या कथांचे लेखक आर. के. नारायण या शहरात होते. त्या दिवशी लिहायला बसल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते एक छोटंसं रेल्वे स्टेशन. स्टेशन आधी आलं, गाव त्याच्याभोवती मागाहून वसत गेलं. 1935 मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ छापून आलं तेव्हा मालगुडी कुठल्याच नकाशावर नव्हतं.

गाव कल्पनेतलं, म्हणून ते कुठेही दाखवलं तरी चालेल, असं नारायण यांना मुळीच वाटत नव्हतं. 1965 च्या ‘गाइड’ चित्रपटाने त्यांची कथा उचलून राजस्थानात नेली, ते त्यांना फार खटकलं होतं. शंकर नाग यांनी मात्र चित्रीकरणासाठी शिवमोग्गा जिल्ह्यातलं, मुसळधार पावसासाठी प्रसिद्ध असलेलं आगुंबे निवडलं. ही निवड हेच मालिकेचं अर्धं यश होतं.

मराठी प्रेक्षकाला शंकर नाग परके वाटायचं कारणच नाही. ते उत्तर कन्नड जिल्ह्यातले, पण घडले मुंबईत, मराठी रंगभूमीवर. पत्नी अरुंधती यांच्याशी त्यांची जोडी जमली तीही मुंबईच्या नाट्यवर्तुळातच. टी. एस. नरसिंहन यांनी निर्मिलेली ही मालिका 1986 मध्ये सुरू झाली, तेव्हा शंकर जेमतेम बत्तिशीत होते. स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ, वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. अनंत नाग, अरुंधती नाग यांनीही त्यात कामं केली.

चाहत्यांना सगळ्यात आधी आठवतं ते शीर्षकसंगीत. एल. वैद्यनाथन यांनी त्याला शब्द दिलेच नाहीत. नुसते गुणगुणण्याचे बोल. त्यामुळे भाषा कुठलीही असो, पोरंसोरं ते गुणगुणू शकत होती. सोबत पडद्यावर आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. नारायण यांचे हे धाकटे भाऊ मराठी घरांतही ‘कॉमन मॅन’मुळे ओळखीचे. थोरल्याने शब्दांत उभं केलेलं गाव धाकट्याच्या रेषांतून घराघरांत पोचलं. कार्यक्रमाची ओळख सुरावरून पटणं तेव्हा नवं नव्हतं, पण इतक्या वर्षांनीही तीच धून मोबाइलची रिंगटोन व्हावी, हे भाग्य फार थोड्या मालिकांना लाभलं.

30 सप्टेंबर 1990 रोजी दावणगेरेजवळ अपघातात शंकर नाग गेले. वय अवघं पस्तीस. पुढे 2006 मध्ये कविता लंकेश यांनी मालिकेचे आणखी भाग केले, तरी चाहत्यांच्या मनातलं मालगुडी शंकर यांचंच राहिलं.

लोक आगुंबेला जाऊ लागले. तिथलं ‘दोड्डमने’ म्हणजे मोठं घर: लाकडी खांब, मधोमध चौक. पडद्यावर पाहिलेलं हे घर प्रत्यक्ष बघायला माणसं बंगळुरूहून रातोरात प्रवास करून येतात. मालिकेत मालगुडीचं स्टेशन झालेल्या, शिवमोग्गा-तालगुप्पा मार्गावरच्या अरसाळू स्टेशनाची कथा तर त्याहून विलक्षण. तिथल्या जुन्या इमारतीत रेल्वेने मालगुडी संग्रहालय केलं. ते सजवलं जॉन देवराज यांनी, ज्यांनी मालिकेच्या वेळी सेट उभे केले होते. नारायण यांच्या मनात जे आधी आलं, ते स्टेशन चाहत्यांच्या प्रेमाने अखेर रुळांशेजारी उभं राहिलं. एका मालिकेवरच्या लोभाचा याहून ठोस पुरावा मला तरी माहीत नाही.

बंगळुरूत शंकर नाग यांचं खरं स्मारक जे. पी. नगरमध्ये आहे. अरुंधती नाग यांनी वर्षानुवर्षं निधी जमवून 2004 मध्ये उभं केलेलं रंगशंकरा नाट्यगृह. तिथे मराठी नाटकंही होतात. पुढच्या खेपेला बंगळुरूला गेलात तर एक संध्याकाळ तिथल्या नाटकासाठी राखून ठेवा, आणि वेळेआधी पोचा. खेळ सुरू झाल्यावर तिथे कुणालाही आत सोडत नाहीत.