माजी विद्यार्थ्यांनी वाचविलेले महाविद्यालय

पदवी हाती पडली की विद्यार्थी महाविद्यालयाचा निरोप घेतो. कोणी नोकरीसाठी परगावी जातो, कोणी वडिलांच्या दुकानात बसतो, मुली लग्न होऊन सासरी जातात. एका बाकावर बसलेली माणसे चार दिशांना पांगतात. पुढे दहा-वीस वर्षांनी कोणाच्या तरी मनात येते की, सर्वांनी एकदा भेटावे. मग जुने पत्ते शोधले जातात, तारीख ठरते. बोरिवलीहून खाडी ओलांडून अशी कितीतरी मंडळी सुट्टीच्या दिवशी आमच्या गोराईच्या किनाऱ्यावर येतात. जेवण होते, गप्पा होतात, छायाचित्र निघते आणि संध्याकाळच्या बोटीने सर्वजण परततात. यात गैर काहीच नाही. परंतु अशा भेटीगाठींतून याहून मोठे कार्य घडू शकते काय? इतिहास या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देतो.

पुण्याचे डेक्कन कॉलेज हे याचे ठळक उदाहरण आहे. पेशवाई संपल्यानंतर १८२१ साली एल्फिन्स्टन यांनी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिचेच पुढे इंग्रजी शिक्षण देणारे महाविद्यालय झाले. येरवड्याच्या बाजूस त्यासाठी मोठी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये महाविद्यालय तेथे गेले. या कामी मुंबईचे पारशी दानशूर सर जमशेटजी जीजीभाई यांची भरघोस देणगी होती. पाठशाळा संस्कृतची, सरकार इंग्रजांचे आणि देणगी पारशी गृहस्थाची! विद्येच्या कामात अशी अनेकांची ओंजळ लागते.

१८७९ च्या सुमारास याच महाविद्यालयात बाळ गंगाधर टिळक कायद्याचा व गोपाळ गणेश आगरकर एम.ए.चा अभ्यास करीत होते. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी न धरता आपल्या लोकांच्या शिक्षणासाठी आयुष्य द्यावे, असा निश्चय या दोघा मित्रांनी तेथेच केला. त्याच महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांना मिळाले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. आगरकर परीक्षा होताच शाळेत दाखल झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. कोल्हापूर प्रकरणातील लिखाणाबद्दल १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले.

पुढे या मित्रांचे मतभेद झाले, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आधी समाजसुधारणा की आधी स्वातंत्र्य, या वादात ते दुरावले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली. मैत्रीला तडा गेला, पण दोघांनी मिळून उभी केलेली शाळा व महाविद्यालय मोडले नाही. वैयक्तिक स्नेहाला संस्थेचे रूप दिले की ते कार्य माणसांच्या रागलोभापलीकडे टिकते.

डेक्कन कॉलेजवर खरे संकट आले ते १९३४ साली. सरकारने हे महाविद्यालय बंद केले. वर्ग थांबले, वसतिगृह ओस पडले. अशा वेळी माजी विद्यार्थी पुढे सरसावले. त्यांतील बहुतेकांचे शिक्षण संपून कित्येक वर्षे झाली होती. महाविद्यालय बंद झाल्याने त्यांचे स्वतःचे काही बिघडणार नव्हते. तरीही त्यांनी न्यायालयात दाद मागितली. लोकांनी विद्येसाठी दिलेला पैसा ही ठेव आहे, सरकारने ती मनास येईल तशी मोडू नये, ही त्यांची भूमिका होती. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी महाविद्यालय पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेथेच इरावती कर्वे यांनी समाजाचा व हसमुख सांकलिया यांनी प्राचीन अवशेषांचा अभ्यास केला. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्या विद्यार्थ्यांचा परस्परांशी संबंधच उरला नसता तर त्या वेळी कोण कोणाला हाक मारणार होते?

अलीगढचा इतिहासही हेच सांगतो. सर सय्यद अहमद खान यांचे १८९८ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचे कॉलेज आर्थिक अडचणीत होते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, तेथे माजी विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. मौलाना शौकत अली हे काही काळ तिचे चिटणीस होते. विद्यापीठासाठी निधी जमविण्यात हे जुने विद्यार्थी आघाडीवर राहिले आणि १९२० मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले.

आपल्या उपनगरातच जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० पासून इस्माईल युसुफ कॉलेज उभे आहे. सर महंमद युसुफ यांच्या ८ लाख रुपयांच्या देणगीतून ते निघाले. दात्याने इमारतीची सोय केली. पण तेथून शिकून गेलेल्यांनी मागे वळून पाहिले तरच इमारतीची संस्था होते.

आज संपर्क ठेवणे फार सोपे झाले आहे. खिशातल्या फोनवर वर्गमित्रांचा गट एका संध्याकाळी तयार होतो. परंतु त्या गटात कोण नाही, हे कोणी पाहतो काय? फी भरता न आल्याने दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलेला मित्र, लग्नानंतर नाव बदललेली हुशार मैत्रीण, परीक्षेत नापास झाल्याने लाजून दूर राहिलेला सोबती, हेही आपल्याच वर्गातले. स्नेहसंमेलनाचे पहिले निमंत्रण त्यांना गेले पाहिजे.

पालकांना व विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. प्रत्येक वर्गाने शाळा-कॉलेज सोडतानाच नावपत्त्यांची एक वही करावी व दोघांनी ती सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी. वर्षातून एकदा भेटावे. भेटीच्या खर्चातून थोडे बाजूला काढून एका गरजू मुलाची किंवा मुलीची फी भरावी. ज्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्या घरातील मुलाला पैशाइतकीच गरज असते ती वाट दाखविणाऱ्या माणसाची. कोणता विषय घ्यावा, अर्ज कोठे करावा, हे सांगणारा जुना विद्यार्थी त्याला भेटला तर त्याचे एक वर्ष वाचेल, कदाचित सारे आयुष्यच मार्गी लागेल.