गोळी आणि ती देणारा हात

१/ १९३७. अमेरिकेतील एका कारखान्याचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांच्या ध्यानी आले, की रबरासाठी लागणारी विशिष्ट रसायने हाताळणाऱ्या कामगारांना मद्य सोसत नाही. या निरीक्षणाचा पुढे फारसा पाठपुरावा झाला नाही.

२/ त्यानंतर काही वर्षांनी कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन त्याच कुळातले डायसल्फिराम जंतांवरचे औषध म्हणून तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतःच घेऊन पाहिल्या आणि मद्याचा घोट घेताच ते आजारी पडले. १९४८ साली हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होते. ही गोळी त्याचे पुढचे विघटन अडवते. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. गोळी तल्लफ शमवत नाही, धाक घालते.

३/ नाल्ट्रेक्सोनची रीत निराळी. ते मद्यातला आनंदच बोथट करते. अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीवर त्याला मान्यता मिळाली.

४/ दोहोंत सरस कोणते? मुंबईत अविनाश डिसोझा आणि ॲलन डिसोझा यांनी १०० मद्यासक्त पुरुषांवर वर्षभर चाचणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के मद्यापासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. तल्लफ मात्र नाल्ट्रेक्सोनच्या गटात कमी होती.

५/ या आकड्यांआधी चाचणीची अट वाचायला हवी. प्रत्येक रुग्णासोबत औषध घ्यायला लावणारे आणि तपासणीला येणारे घरचे माणूस असणे आवश्यक होते. म्हणजे धाकाची गोळी जिंकली ती अशा घरांत, जिथे ती रोज हातावर ठेवणारे कोणी होते. एकट्या माणसाला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि रुग्णाच्या नकळत ती कालवणात मिसळणे हा तर जिवाशी खेळ: बेसावधपणे मद्य घेतल्यास हृदयावर प्राणघातक ताण येऊ शकतो.

६/ पिणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात सिगारेटही असते. तंबाखू सोडवण्यासाठी बल्गेरियात १९६४ पासून सायटिसिन हे वनस्पतिजन्य औषध आहे. व्हॅरेनिक्लिन २००६ मध्ये आले. ही औषधे मद्यही कमी करतील, अशी आशा होती. सेंट पीटर्सबर्ग येथे एचआयव्हीबाधित आणि अतिमद्यपान व धूम्रपान करणाऱ्या ४०० जणांवर ती तपासली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, निकोटिनचा साधा पर्याय घेणाऱ्यांच्या तुलनेत या औषधांनी मद्यपानात वेगळा फरक पाडला नाही. मात्र कोणत्याही गटातील ज्यांची सिगारेट सुटली, त्यांचे अतिमद्यपानाचे दिवस इतरांहून कमी होते.