गाण्यावर उभें राहिलेलें कॉलेज



आमच्या शाळेचें सभागृह बांधावयाचें ठरलें त्या वर्षींची गोष्ट. आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा गळा विलक्षण गोड. वर्गणीसाठीं रोज सकाळीं मुलांची फेरी निघे, आणि तिच्या अग्रभागीं हा गात असे. दोन-अडीच महिने तो असा दारोदार गात होता. गणिताचे व इंग्रजीचे तास बुडाले ते बुडालेच. सभागृह झालें. दारावरच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांचीं नांवें कोरलीं गेलीं. मुलगा त्या वर्षीं नापास झाला आणि पुढें शाळेंत दिसला नाहीं. त्याला फेरीवर धाडणाऱ्या शिक्षकांत मीहि होतों. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां अमेरिकेंतील एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजची हकीकत हातीं आली, आणि ती वाचतांना तो मुलगा सारखा माझ्या डोळ्यांपुढें येत राहिला. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें आणि सुमारें चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. ज्यांना अक्षर शिकविणें हा दक्षिणेंतील कित्येक संस्थानांत गुन्हा होता, त्यांच्यासाठीं आतां शाळा निघूं लागल्या. अमेरिकन मिशनरी असोसिएशन या ख्रिस्ती संस्थेच्या आश्रयानें टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं ९ जानेवारी १८६६ रोजीं अशीच एक शाळा उघडली. जनरल क्लिंटन फिस्क यांच्या नांवावरून तिला फिस्क हें नांव मिळालें. जागा म्हणजे लष्करानें सोडून दिलेल्या इस्पितळाच्या लाकडी बराकी. त्या शहरांतील गुलामांच्या कोंडवाड्यांत गंजलेल्या हातकड्यांचा व बेड्यांचा ढीग सांपडला होता. तो मोडींत विकून आलेल्या पैशांतून बायबलाच्या प्रती व अक्षरओळखीचीं पुस्तकें घेण्यांत आलीं. १८६७ सालीं संस्थेस विद्यापीठाची सनद मिळाली. नांव विद्यापीठाचें, पण बहुतेक विद्यार्थी मुळाक्षरें गिरवीत होते.

या संस्थेचा खजिनदार जॉर्ज व्हाइट. हा एका लोहाराचा मुलगा, युद्धांत लढलेला शिपाई. त्याचें संगीताचें शिक्षण शास्त्रशुद्ध असें झालेंच नव्हतें. पण त्याला कान होता आणि ध्यास होता. हिशेबाच्या वह्या मिटल्या कीं तो मुलांना गाणें शिकवी. युरोपीय पद्धतीचीं समूहगीतें, एस्तेर राणीच्या कथेवरील एक संगीतिका, असा त्यांचा अभ्यास चाले. स्वर मोठा काढणें कोणालाहि जमतें. परंतु मोठ्या स्वरांतला सगळा ताण कायम ठेवून तोच स्वर अगदीं हळू लावावयाचा, असा त्याचा आग्रह असे. ज्यांनीं षड्ज भरण्याचा रियाज केला आहे, त्यांना यांतील अवघडपणा समजेल.

त्याची उजवी बाजू म्हणजे एला शेपर्ड ही विद्यार्थिनी. तिचा जन्म १८५१ सालीं नॅशव्हिल येथेंच गुलामींत झाला. ती सांगत असे कीं, मालकिणीच्या वागणुकीनें हताश झालेली तिची आई तान्ह्या मुलीला कवटाळून नदींत जीव द्यावयास निघाली होती. वाटेंत एका वृद्ध स्त्रीनें तिला अडविलें आणि ही पोर एक दिवस राजेराण्यांसमोर उभी राहील असें सांगून परत पाठविलें. पुढें बापानें पैसे भरून एलाला सोडवून घेतलें. आईची विक्री मात्र दूर मिसिसिपी संस्थानांत झाली. सिन्सिनाटी शहरीं एलानें एका गोऱ्या बाईकडे पियानोचे धडे घेतले, ते अशा अटीवर कीं, तिनें रात्रीं मागील दारानें यावें आणि आपण कोणाकडे शिकतों हें कोणास सांगूं नये! १८६८ सालीं गांठीं अवघे सहा डॉलर घेऊन ती फिस्कमध्यें दाखल झाली. लौकरच ती तेथें संगीत शिकवूं लागली. त्या संस्थेंतील ती पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका होय.

या मुलांना आणखी एक संगीत येत होतें, पण त्याविषयीं तीं फारसें बोलत नसत. तीं त्यांच्या आईबापांचीं गाणीं होतीं: कापसाच्या शेतांत, रात्रीच्या गुप्त प्रार्थनासभांत म्हटलेलीं. बायबलांतील इस्राएल लोकांची दास्यांतून झालेली सुटका, यार्देन नदी, स्वर्गीचा रथ, हे त्यांचे विषय; आणि कित्येकदां त्या शब्दांआड पळून जाण्याचा संकेतहि दडलेला असे. शिकलेल्या मुलीला आईच्या जात्यावरच्या ओव्या चारचौघांत म्हणावयास जो संकोच वाटतो, तसाच यांनाहि वाटे. शिवाय हीं गाणीं वडील माणसांच्या पूजेंतलीं होतीं, तीं तमाशगिरांसारखीं परक्यांपुढें कशीं मांडावयाचीं? व्हाइटनें आग्रह केला, पण हुकूम केला नाहीं. मुलें एका खोलींत जमत, खुर्च्या पुरेशा नसल्यामुळें जमिनीवर बसत, आणि ज्याला जें गाणें येई तें तो हलक्या आवाजांत इतरांस शिकवी. मला वाटतें, त्या कॉलेजमधला संगीताचा खरा वर्ग तोच. गुरु व शिष्य दोन्ही तींच, आणि पाठ्यपुस्तक नाहींच.

इकडे संस्था कर्जांत बुडत चालली होती. बराकी कुजल्या होत्या. व्हाइटनें मुलांचा गायकवृंद घेऊन उत्तरेकडे जावयाचें व पैसा आणावयाचा असा बेत केला. चालक मंडळी नाखूष, आईबाप घाबरलेले. तरी ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं नऊ गायक त्याच्याबरोबर निघाले. दोनच दिवसांनीं शिकागो शहरास प्रचंड आग लागली. ओहायोंतील एका गांवच्या जलशाचें जेमतेम पन्नास डॉलर उत्पन्न झालें होतें. तें या मुलांनीं आगीच्या मदतनिधीस देऊन टाकलें आणि स्वतः पुन्हां रिकाम्या हातांनीं पुढें गेलीं. त्या काळीं गोरे लोक तोंडास काजळी फांसून कृष्णवर्णीयांचीं सोंगें करीत व ती करमणूक फार लोकप्रिय होती. एका खाणावळवाल्यानें अशीच गोऱ्या सोंगाड्यांची मंडळी येणार म्हणून खोल्या राखून ठेवल्या. हीं खरींच काळीं माणसें आहेत असें दिसतांच त्यानें त्यांना बाहेर काढलें!

नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशकांची परिषद भरली होती. सभासद आपसांत बोलत होते. इतक्यांत मागच्या बाजूस बसलेल्या या मुलांनीं आईबापांच्या गाण्यांपैकीं एक अगदीं हळू स्वरांत सुरूं केलें, आणि सभा निःशब्द झाली. तेथून दौऱ्याचें दैव पालटलें. डिसेंबरांत ब्रुकलिन येथें हेन्री वॉर्ड बीचर या नामांकित धर्मोपदेशकानें त्यांना आपल्या मंदिरांत गावयास लावलें. १८७२ सालीं तीं अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढें गाइलीं. बायबलांत पन्नासाव्या वर्षीं दासांना मुक्त करावयाचा उत्सव सांगितला आहे. त्या ‘ज्युबिली’वरून व्हाइटनें या वृंदाचें नांव ज्युबिली सिंगर्स असें ठेवलें होतें. पहिल्या दौऱ्यांत वीस हजार डॉलर मिळाले.

१८७३ सालीं हा वृंद इंग्लंडांत गेला व व्हिक्टोरिया राणीसमोर गाइला. त्या वृद्धेचें भाकित असें खरें ठरलें. याच १८७३ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालें, आणि तें त्यांनीं गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. मुक्त झालेलीं तीं माणसें त्या वेळीं लंडनांत गात होतीं, आणि त्यांच्या मुक्तीचा अर्थ पुण्यांतला एक माणूस आपल्या लोकांस समजावीत होता. एकमेकांची वार्ता त्यांना बहुधा नसावी.

या इंग्लंडच्या दौऱ्यांतून सुमारें पन्नास हजार डॉलर आले. त्यांतून पूर्वींच्या लष्करी किल्ल्याच्या जागीं ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उठली. १ जानेवारी १८७६ रोजीं तिचें उद्घाटन झालें. सात वर्षांत एकंदर दीड लाख डॉलर या गळ्यांनीं मिळविले. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेंहि पुष्कळसें जलशांच्या उत्पन्नावर चाललें. पण मुंबईची त्यांची इमारत अखेर कर्जापायीं गेली. फिस्कची इमारत टिकली.

आतां या हिशेबाची दुसरी बाजू. त्या पहिल्या नऊ जणांपैकीं एकालाहि फिस्कची पदवी मिळाली नाहीं. पुस्तकें बरोबर घेऊन तीं निघालीं होतीं; पण रोज नवें गांव, रात्रीं जलसा, दिवसा आगगाडी, मग अभ्यास कोठला? कंठ बसले, प्रकृती ढासळल्या. बेंजामिन होम्स क्षयानें गेला. व्हाइटची पत्नी स्कॉटलंडांत वारली, आणि त्याचीं स्वतःचीं फुप्फुसेंहि दौऱ्यांनीं निकामी केलीं. १८७८ सालीं मूळ वृंद मोडला. फिस्कच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८७५ ची, अवघी चौघांची. तींत मागाहून या वृंदांत आलेली अमेरिका रॉबिन्सन ही एक होती. संस्थेनें आपल्या मुलांचें शिक्षण खर्ची घालून शिक्षणाची सोय केली, असें म्हणावें लागतें. व्हाइटला मी दोष देऊं शकत नाहीं. त्यानें स्वतःचीं हाडेंहि त्याच भट्टींत घातलीं. मला दोष दिला तर मात्र तो योग्य होईल.

गाण्यांचेंहि कांहीं गेलें, कांहीं राहिलें. थिओडोर स्यूअर्ड या संगीतज्ञानें तीं ऐकून पाश्चात्त्य स्वरलिपींत उतरविलीं व १८७२ सालीं त्यांचा संग्रह निघाला. जे स्वर दोन पट्ट्यांच्या फटींत राहतात ते त्या पांच रेघांत बसत नाहींत, हें आपणां हिंदुस्थानी श्रोत्यांस सांगावयास नको. पण तें लिहिलें गेलें म्हणून उरलें. पुढें फिस्कमध्यें शिकलेल्या ड्यू बॉइस या विद्वानानें १९०३ च्या आपल्या ग्रंथांत प्रकरणांच्या शिरोभागीं याच गीतांच्या स्वरलिपीचे तुकडे छापले. फ्रेडरिक लाउडिन हा वृंदांतील गायक स्वतंत्र मंडळी घेऊन १८८४ पासून सहा वर्षें जगभर हिंडला. ती मंडळी हिंदुस्थानांतहि आली आणि ताजमहालाच्या घुमटाखालीं गाइली.

फिस्कमधील विद्यार्थी दर वर्षीं ६ ऑक्टोबरला या नऊ जणांचें स्मरण करतात. ज्युबिली हॉलमध्यें त्या गायकांचें मोठें तैलचित्र टांगलेलें आहे. त्यांत एला शेपर्ड पियानोपाशीं बसली आहे. गुलामी संपल्यावर तिनें आपल्या आईचा शोध लावला होता. पुढें ती नॅशव्हिलला स्थायिक झाली, आणि दूर देशीं विकली गेलेली ती आई म्हातारपणीं तिच्याच घरीं राहिली.