दोन बाणांची गाठ

अमेरिकेच्या केंद्रीय कृषिखात्यात नोकरीस असलेल्या सीवॉल राइट या तरुण आनुवंशशास्त्रज्ञाने, गिनीपिगांच्या अंगावरील पांढऱ्या डागांत आनुवंशिकतेचा वाटा किती आणि गर्भावस्थेतील यदृच्छेचा किती, याचा छडा लावण्यासाठी १९२० साली जी आकृती छापली, तीच आज वैद्यकीय संशोधनात वापरल्या जाणाऱ्या कार्यकारण-आकृतीची मूळ पूर्वज होय. कारणाकडून कार्याकडे जाणारे बाण आणि बाणागणिक प्रभावाचे माप, एवढेच तिचे भांडवल. परंतु कारणाची भाषाच सांख्यिकीच्या दप्तरातून खारीज करू पाहणाऱ्या कार्ल पिअर्सन यांच्या मतप्रणालीचा आधार घेऊन हेन्री नाइल्स यांनी १९२२ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली, आणि वैद्यकाच्या दारी पोहोचण्यास तिला पुढे अनेक दशके लागली.

वैद्यकाला तिची निकड मात्र केव्हाच भासू लागली होती. पित्ताशयाच्या विकाराने मधुमेह उद्भवतो किंवा बळावतो, अशा समजुतीने काही रुग्णालयांत मधुमेह्यांची पित्ताशये काढून टाकली जात असताना, मेयो क्लिनिकचे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की, गावात या दोन विकारांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नसला तरी रुग्णालयाच्या नोंदवहीत तो उमटू शकतो. कारण प्रत्येक विकार आपापल्या परीने रोग्यास रुग्णालयात आणतो, आणि ज्याला दोन्ही जडले आहेत त्याच्या दाखल होण्याला दोन स्वतंत्र निमित्ते असतात. जिवंत माणसाच्या पोटावर शस्त्र चालवण्याचा निर्णय ज्या सहसंबंधावर विसंबला होता, त्याचा उगम शरीरात नसून रुग्णालयात दाखल होण्याच्या रीतीत असू शकतो, हे सांगणारा हा निबंध मला त्या शतकातील अत्यंत कनवाळू गणितांपैकी एक वाटतो. पण त्याची मांडणी अपूर्णांकांच्या कोष्टकांत अडकलेली असल्यामुळे तो तज्ज्ञांपुरताच राहिला.

ती अडचण पुढे बाणांनीच दूर केली. जुडिया पर्ल यांनी १९९५ मध्ये 'बायोमेट्रिका'त आकृतींचे नियम सिद्ध केले, आणि १९९९ मध्ये ग्रीनलंड व रॉबिन्स यांच्यासह ते रोगपरिस्थितिविज्ञानात आणले. आता बर्कसन यांचे सारे म्हणणे दोन रेघांत मावते: एक बाण मधुमेहाकडून, दुसरा पित्ताशयाच्या विकाराकडून, आणि दोन्हींची टोके 'दाखल होणे' या एकाच बिंदूवर. तो बिंदू मोकळा सोडला तर त्या वाटेने काहीच वाहत नाही. केवळ दाखल झालेल्यांचीच तपासणी केली की खोटा संबंध वाहू लागतो. हर्नान, हर्नांडेस-डियाझ आणि रॉबिन्स यांनी २००४ मध्ये औषधचाचणी अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या रोग्यांमुळे पडणारी अभिनतीही याच ठेवणीची असल्याचे दाखवले. तिथे बाणांची टोके 'चाचणीत टिकून राहणे' या बिंदूवर येऊन मिळतात.