पाळीची वाट पाहणारे गाव

पॅरिसच्या वायव्येस, जेथे उत्तरेकडून उतरणारी वाझ नदी सेनला येऊन मिळते, तेथे सेनच्या उजव्या तीरावर कोंफ्लां-सँत-ओनोरिन हे गाव वसले आहे. नावाचा पूर्वार्ध म्हणजे लॅटिनमधून उतरलेला ‘संगम’ हाच शब्द. उत्तरार्ध त्या हुतात्मा संत स्त्रीचा, जिच्या अस्थी नवव्या शतकात नॉर्मनांच्या भयाने सेनच्या मुखाजवळच्या ग्राव्हिलहून येथे आणल्या गेल्या आणि जी पुढे नाविकांची रक्षणकर्ती मानली गेली. तथापि फ्रान्सच्या नदीवाहतुकीची राजधानी हा लौकिक या गावास मिळाला तो, माझ्या मते, येथे नावांना थांबावे लागे म्हणून.

उत्तरेकडील खाणींचा कोळसा 1810 साली खुल्या झालेल्या सँ-काँतँच्या कालव्यातून वाझमध्ये येई आणि प्रवाहाबरोबर सुखाने संगमापर्यंत उतरे. परंतु तेथून पॅरिसला जायचे म्हणजे सेनच्या प्रवाहाविरुद्ध, वळणावळणांनी, सुमारे 70 किलोमीटर चढायचे. हे काम पूर्वी काठावरून दोर ओढणारे घोडे करीत. 1855 साली एका कंपनीने पॅरिसपासून कोंफ्लांपर्यंत नदीच्या तळाशी लोखंडी साखळी अंथरली. वाफेवर चालणारी ओढनौका ती साखळी पुढून उचलून आपल्या रहाटांवर गुंडाळी, मागून पुन्हा पाण्यात सोडी, आणि अशा रीतीने स्वतःबरोबर मालवाहू नावांचा अख्खा तांडा ओढून नेई. तांडा जमेपर्यंत मात्र प्रत्येकास संगमावर नांगर टाकून बसणे भाग होते, आणि त्या बसण्यातूनच दुकाने, दुरुस्तीचे कारखाने, ओळखीपाळखी व सोयरिकी निर्माण झाल्या.

पुढे 1879 च्या फ्रेसिने कायद्याने जलपाशांचे माप ठरले, आणि त्यांत मावणारी, 38.5 मीटर लांबीची, सुमारे 300 टन माल वाहणारी ‘पेनिश’ हेच हजारो कुटुंबांचे घर झाले. 1930 नंतरच्या मंदीत, बड्या कंपन्यांपुढे स्वतःच्या एकुलत्या नावेवर पोट भरणारा नावाडी चिरडला जाऊ नये म्हणून, मालाची वाटणी नोंदीच्या क्रमाने करण्याची वहिवाट कायद्याने दृढ झाली. पाळी येईपर्यंत नावा धक्क्याशी एकीला एक लावून रांगांनी उभ्या राहत. वाळत घातलेल्या कपड्यांखाली मुले खेळत. आणि काठच्या नावेवरून पलीकडच्या नावेवर पाय ठेवताना दुसऱ्याचे अंगण ओलांडावे तशी अदब पाळावी लागे. याच लोकांसाठी धर्मगुरू आबे बेलांजे यांनी 1936 मध्ये साहाय्यसंस्था स्थापिली, आणि कोळसा वाहण्यासाठी 1919 साली काँक्रीटची बांधलेली एक नाव त्यांचे प्रार्थनामंदिर झाली. तिचे नाव ‘झ सेर’, म्हणजे ‘मी सेवा करतो’.

2000 साली युरोपीय नियमांनुसार पाळीची पद्धत रद्द झाली. भाडे ज्याने त्याने मिळवावे असे ठरले. वाहतूक मोकळी झाली हे खरे; पण दुर्बळास त्याचा वाटा क्रमाने देणारी ती जुनी तजवीज मला अधिक माणुसकीची वाटते. धक्क्यावर आजही नावा आहेत. त्यांतील कित्येकींवर निवृत्त नावाडी राहतात. वर टेकडीवर, जुन्या मठाच्या जागी उभ्या असलेल्या वाड्यात, 1967 पासून नदीवाहतुकीचे संग्रहालय आहे, आणि त्याच्या गच्चीवरून पॅरिसकडे वर चढणारे सेनचे ते पहिले वळण स्पष्ट दिसते.