एका फुफ्फुसावर तीस वर्षें

फुफ्फुसाचा कर्करोग हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाले कीं रोग्याला पुढचें कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हणून आज एका अशा रोग्याची हकीकत सांगतों, जो स्वतःच डॉक्टर होता.

अमेरिकेंतील पिट्सबर्गचे हे ४८ वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ खोकल्यानें व तापानें बेजार झाले होते. सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयांत श्वासनलिकेंत नळी घालून मांसाचा कण काढण्यांत आला. सूक्ष्मदर्शकाखालीं कर्करोग ठरला. शस्त्रक्रियेपूर्वीं ते घरीं गेले. तेथें त्यांनीं दफनभूमींत स्वतःसाठीं जागा घेतली आणि दांतहि सोन्यानें भरून घेतले, असें सांगतात. एक तयारी मरणाची, दुसरी जगण्याची!

५ एप्रिल १९३३ रोजीं डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं छाती उघडली. फुफ्फुसाचा एक खंडच काढावयाचा बेत होता. पण रोग त्यापलीकडे गेलेला दिसला, तेव्हां त्यांनीं संपूर्ण डावें फुफ्फुस एकाच बैठकींत काढलें. रोगी वांचला, आणि १९६३ पर्यंत जगला.

रोगाचा पसारा ग्रॅहॅमना छाती उघडल्यावर कळला. आज तो आधींच अजमावतात. फ्रान्सचे पिएर दनुआ यांनीं १९४३ ते १९५२ या काळांत त्यासाठीं तीन प्रश्नांची पद्धति बसविली: गांठ केवढी, लसिकाग्रंथींत रोग शिरला काय, दूरच्या अवयवांत गेला काय? या उत्तरांवरून अवस्था ठरते. पहिल्या अवस्थांत बहुधा शस्त्रक्रिया; तिसरींत बहुतेकदां औषधें व किरणोपचार यांची जोड; चौथींत मुख्यतः औषधें. गांठीची जात व तिच्या पेशींतील जनुकीय बदल पाहून तीं निवडतात. कांहीं औषधें तर शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच जागें करितात. म्हणून अवस्थेचा आंकडा हा न्यायाधीशाचा निकाल नव्हे. तो पुढील वाटेचा नकाशा आहे. रोग्यानें डॉक्टरांना निःसंकोच विचारावें: जात कोणती, अवस्था कोणती, आणि उपचाराचा हेतु रोग समूळ काढण्याचा कीं आवरून धरण्याचा? सोबत घरचें एक माणूस न्यावें व उत्तरें लिहून घ्यावीं.

आतां कथेचा शेवट. ग्रॅहॅम स्वतः अनेक वर्षें सिगारेट ओढीत. १९५० मध्यें त्यांनीं अर्न्स्ट विंडर यांच्यासह ६८४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून धूम्रपानाचा या रोगाशीं असलेला संबंध दाखविला. १९५७ मध्यें त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. तोंवर रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. ज्याला त्यांनीं वांचविलें, तो त्यांच्यामागें सहा वर्षें जगला.